महासंगणकावरचा नारळ

“तुम्ही लोक पूजाबिजा मानत नाही ना? मग बाहेरच थांब. झाली की हाक मारतो.”

खंडेनवमीचा दिवस. नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणकाचा मास्तर. आणि विभागप्रमुख सरांनी मला माझ्याच लॅबच्या दाराबाहेर उभं केलं. चपलांशेजारी. आत शिपाई, क्लार्क, कँटीनवाला, सगळ्यांना टिळे. मी सोनईच्या बौद्धवस्तीतला. मी बाटवणार.

काय बाटवणार? महासंगणक! भंगारात निघालेले संगणक ओढून आणून मीच एकमेकांना जोडले होते. सगळे मिळून एकच गणित फोडायचे. मुळा धरणाच्या पुराचं. असं धावायचं माझं जनावर, की ढगानं तोंड उघडायच्या आत पाणी कुठवर चढणार ते सांगून मोकळं! वेगवान संगणनाच्या पारितोषिकाच्या शेवटच्या फेरीसाठी ते निवडलं गेलं होतं. पुण्याहून परीक्षक यायचे होते. अर्जावर नाव फक्त सरांचं. माझं?

“तुझं आडनाव जरा... पुढच्या वर्षी बघू.”

सरांनी नारळ फोडला. कशावर? मशीनच्या लोखंडी रॅकवर! दणका बेलापूरपर्यंत गेला असेल. पाणी थेट हबमध्ये. म्हणजे सगळ्या तारा जिथं एकत्र येतात, त्या डबीत. फट्! धूर. महासंगणक गार.

तेवढ्यात परीक्षक जिना चढून आले.

“अरे ये, ये आत!” सर किंचाळले. “चपला राहू दे पायात!”

वा रे सोवळं! एका नारळात सुटलं.

माझ्या पिशवीत जादा हब होता. तो बसवला की जनावर पुन्हा धावलं असतं. मी पिशवी काखेत घट्ट दाबली.

“पूजा पावली का, सर?”

“चेष्टा करू नकोस. पाया पडू का तुझ्या?”

“नको. मी बाटेन.”

परीक्षकांनी विचारलं, “हे जोडलं कुणी?”

सर भिंतीकडं बघायला लागले. मी उंबऱ्याबाहेरूनच नाव सांगितलं. आडनाव तर असं खणखणीत, की गच्चीवरची कबुतरं सावेडीला जाऊन बसली.

पारितोषिक दुसरीकडं गेलं. सरांचं गेलं, माझंही गेलं. मी घरी पेढे नेले.

आई म्हणाली, “हरल्याचं पेढं कुनी वाटतं व्हय रं?”

“हरलो न्हाई, आये. त्यांनला जिंकू दिलं न्हाई.”

आता दुसरं मशीन जोडतोय. सावेडीत, माझ्या भाड्याच्या खोलीत. त्याला मिळणारं पारितोषिकाचं मानचिन्ह याच भिंतीवर लागणार. सर बघायला येतीलच. त्यांना आधी बाहेर उभं करीन. चपलांशेजारी. उन्हात. मग आत बोलवीन आणि मानचिन्हावरचं नाव मोठ्यानं वाचायला लावीन.

आडनावासकट.