रविवारी राहून पाहिलेली गावं

सोमवारी सकाळी बडेबाबू हनुवटीवरून उलटा हात फिरवत ऑफिसात यायचे आणि खुर्चीवर बसायच्या आधीच मला सांगायचे, "काल खाप्याले राहून पाहिलं, बाई."

राहून पाहिलं म्हणजे काय, तर सकाळच्या एसटीने जायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. मधल्या सहासात तासांत हा गृहस्थ त्या गावात पेन्शनर होऊन जगून बघायचा. बाजारात जाऊन भाजीचा भाव करायचा, एखाद्या पारावर बसून पेपर वाचायचा, दवाखाना कुठे आहे ते चालत जाऊन बघायचा. आणि सगळ्यांत आधी न्हाव्याकडे दाढी. त्यासाठी शनिवारी दाढी करायचीच नाही, हा त्यांचा नियम. "गावाचं खरं खोटं न्हावीच सांगते," म्हणायचे. "पानी किती दिवसाआड येते, डॉक्टर दारू पेते का, दूधवाला पानी किती टाकते, सारं."

रॉकेलसाठी रांगा लागायच्या त्या दिवसांतली ही गोष्ट. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात मी टायपिस्ट होते आणि ते हेडक्लार्क. आमच्याकडे हेडक्लार्कला बडेबाबूच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सदरा कायम स्वच्छ आणि चेहऱ्यावर कायम, आत्ता काहीतरी विसरलो, अशी काळजी.

काळजी खोटी नव्हती. वर्षभरात ते रिटायर होणार होते. इतवारीतल्या त्यांच्या दोन खोल्या घरमालकाला धाकट्या मुलाच्या लग्नासाठी हव्या होत्या आणि नागपुरात दुसरीकडे जे भाडं सांगत, त्यात अर्धी पेन्शन जाणार होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि एकुलती एक मुलगी.

मुलगी माहेरपणाला आली होती. म्हणजे बडेबाबू तसं म्हणायचे. ते माहेरपण चार वर्षं चाललं होतं. ती शेजारणींच्या पोलक्यांची शिलाई करायची, रेशनच्या रांगेत उभी राहायची, सगळ्या इतवारीला दिसायची. पहिलं वर्षभर लोकांनी विचारून विचारून जीव खाल्ला आणि मग विचारायचं सोडून दिलं. ऑफिसात तर आम्ही कधी विषयच काढला नाही. आम्हाला वाटायचं, हा आमचा समजूतदारपणा.

बडेबाबूंचा हिशेब वेगळाच होता. पेन्शन त्यांच्यासोबत संपणार. मग त्यांच्यामागे एकट्या बाईला शिलाईच्या पैशांत जगता येईल असं गाव पाहिजे. भाडं कमी, दूध बरं, आणि शिवायला कपडे देणाऱ्या बाया आसपास. एवढंच त्यांचं मागणं. डबा खाताना ते कुणालाही विचारायचे, "तुमच्या घरी एक पायली तुरीची दाळ किती दिवस पुरते?" शिपायाला विचारायचे, साहेबांनासुद्धा विचारायचे. साहेबांनी एकदा वैतागून सांगितलं, की मी डाळ खात नाही. बडेबाबू तेवढ्यावरही विचार करत बसले.

तर खाप्याला कन्हान नदी जवळ, वांगी ताजी, भाडं निम्मं. "मग घ्या ना," आम्ही म्हणायचो. "पन ओलावा फार, बाई. संधिवात होईल." उमरेडला विणकरांची वस्ती, शिलाईला काम भरपूर. तिथे कोळशाची धूळ निघाली. सावनेरला डास निघाले. हळूहळू आमच्या लक्षात आलं, की दुपारपर्यंत गाव चांगलं असतं आणि संध्याकाळच्या एसटीत ते बिघडतं. ऑफिसातल्या पोरांनी तर पैजा लावायला सुरुवात केली, या वेळी काय निघणार म्हणून. मीही त्यात चार आणे लावले होते, आता लाज वाटते.

शेवटी मीच म्हटलं, काटोलला बघा. माझं माहेर ते. माझा भाऊ तिथे संत्र्यांच्या अडतीवर होता. त्याने एका काकूंच्या घरामागच्या दोन खोल्या बघून ठेवल्या. शेणाने सारवलेल्या, पण कोरड्या. मागे विहीर, पुढे लिंबाचं झाड. भाडं ऐकून बडेबाबूंनी मला दोनदा परत सांगायला लावलं.

ते गेले, दाढी करून आले आणि सोमवारी म्हणाले, "खोल्या छान हायेत. पन पानी जड वाटलं, बाई."

माझं डोकंच फिरलं. "आमच्या काटोलचं पाणी जड? ते पिऊन मी एवढी वाढली, मले काय झालं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाइल उघडली. त्या दिवशी मी त्यांचं एकही पत्र टाइप केलं नाही. बसा म्हटलं तुमच्या जड पाण्याला घेऊन.

आठवडाभराने भाऊ संत्र्यांची पेटी घेऊन नागपूरला आला. बोलता बोलता म्हणाला, "तुह्या बाबूचं चांगलं हाये वं. पोरगी वर्ध्याले सासरी सुखात, दोन वर्साचा नातू. न्हावी सांगत होता. नातू आत्तापासून आजोबाचा चष्मा वढते म्हने."

मी संत्रं सोलत होते, ती तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, "बडेबाबू, नातवाचं नाव काय ठेवलं?"

त्यांनी कप बाजूला सरकवला आणि म्हणाले, "वस्तरा गळ्यावर असते, बाई, अन् तो विचारते, लेकरं किती. मी म्हनतो, एक पोरगी. तो म्हनते, कुठं दिली? मग तोंडातून निघून जाते. थांबवता येत नाही. एकदा निघालं का वाढतच जाते."

"काटोललेच?"

"हर गावात. खाप्याले तर दोन नातू झाले." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "मग त्याच गावात तिले घेऊन मी कसा जाऊ? न्हाव्याच्या दुकानासमोरून तिले कसा नेऊ, सांगा."

एकेक गाव हा माणूस स्वतःच्या हाताने बंद करत आला होता. ओलावा, धूळ, डास, सगळं नंतरचं. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. मी म्हटलं, "तिले विचारलं काय कधी, तिले कुठं राहाचं हाये?"

नव्हतं विचारलं. जन्मभर सरकारी कागद नियमाने पुढे सरकवलेला माणूस, पण ही फाइल त्यांनी ज्याची त्याला दाखवलीच नव्हती.

पुढच्या रविवारी तिला खोल्या दाखवायला आम्ही तिघं काटोलला निघालो. मुलगी खिडकीशी बसली होती. सावळी, सडपातळ, गप्प नव्हे पण मोजकं बोलणारी. संत्र्यांच्या बागा लागल्या तशी म्हणाली, "बाबा, इकडं हवा चांगली हाये." बडेबाबू म्हणाले, "हो ना, हो ना," आणि रुमालाने मान पुसत राहिले. दाढी वाढलेली होती. या वेळी न्हाव्याकडे जायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं.

आता चूक माझी. न्हाव्याची बातमी काकूंपर्यंत पोचली असणार, आणि त्यांना आधी खरं कळवायचं मला सुचलं नाही. काकू दारातच उभ्या होत्या. मुलीला आपादमस्तक न्याहाळून प्रेमाने म्हणाल्या, "ये वं माय. अन् पोराले काहून नाही आनलं? कोनापाशी ठेवलं?"

मुलीला काही समजलं नाही. तिने मागे वळून बापाकडे पाहिलं. बडेबाबू लिंबाच्या झाडाकडे बघत होते. तेवढं तिला पुरलं. मी बोलायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "मले लेकरू नाही, काकू. सासर बी सुटलं. चार वर्सं झाली. आता बाबापाशीच राहतो मी."

काकूंनी एकदा बडेबाबूंकडे पाहिलं, आणि बोलल्या त्या मात्र मुलीशीच. "बरं. विहीर मागं हाये. बादली अन् दोर तुहे तुले आना लागंल. शिलाई येते काय? माह्या सुनेचे दोन पोलके पडून हायेत."

खोल्या बघून झाल्या. मुलीने विहिरीत वाकून पाहिलं, ओंजळभर पाणी प्यायली. बापाशी एक शब्द बोलली नाही. परतीच्या गाडीत ती माझ्याशेजारी बसली आणि बडेबाबू तीन रांगा पुढे, काकूंनी दिलेली संत्र्यांची पिशवी मांडीवर धरून. पूर्ण वाटभर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांची भिजलेली कॉलर मला दिसत होती. मला वाटलं, हेही गाव गेलं. आता हा माणूस जाणार कुठे?

नागपूरच्या स्टँडवर उतरलो. गर्दीतून वाट काढत ती त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

"बाबा," ती म्हणाली, "काटोलच घ्या. तिथं आता कोनाले काही सांगाचं राह्यलं नाही."

त्यांनी मान हलवली. दोनतीनदा हलवली. मग ती पुढे आणि ते तिच्यामागे, अशी दोघं इतवारीच्या रिक्षांकडे चालत गेली. पुढच्या मे महिन्यात ते रिटायर झाले, त्यांची खुर्ची रिकामी झाली आणि दोघं काटोलला राहायला गेली.