पाहुणीसाठी भरवलेला वर्ग

गंगाखेडच्या गणेशोत्सवात मी बरीच नाटकं केली. राजा झालो, खलनायक झालो, एकदा भर प्रवेशात दाढी निसटल्यामुळे राजाचा राजपुत्रही झालो. पण माझं सगळ्यात गाजलेलं काम झालं आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, दिवसाढवळ्या, एका परदेशी बाईंसमोर. त्यात मी मास्तरची भूमिका केली. मुळात मी मास्तरच असल्यामुळे ती फार अवघड गेली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीची शेवटची वर्षं होती. मधूनच वातावरण तापायचं आणि एस.टी. जागच्या जागी उभ्या राहायच्या. त्याच काळात आमच्या शाळेत दूरशिक्षणाचं केंद्र आलं. रविवार खर्ची घालायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून इंग्रजी शिकवणारा मी पंपदुरुस्तीच्या अभ्यासक्रमाचा केंद्रप्रमुख झालो. धडे मूळचे दूर देशीच्या एका शिक्षणसंस्थेचे, तिथल्या कामगारांसाठी रचलेले. तिच्याशी करार होऊन ते मराठीत आले होते, सोबत कॅसेटीही होत्या. शिकणाऱ्याने घरी वाचायचं, ऐकायचं, स्वतःची नाहीतर शेजाऱ्याची मोटार खोलायची आणि एक रविवार आड आमच्याकडे अडचणी घेऊन यायचं. एस.टी. बंद असली तरी शिक्षण बंद पडत नसे, कारण ते आधीच घरी पोचलेलं असे.

त्यात राणीसावरगावचं एक जोडपं होतं. नाव त्याचं नोंदलेलं, पण येत दोघंही. त्याला वाचायला वेळ लागे आणि बोलायला त्याहून जास्त. ती सातवी झालेली. ती मोठ्याने वाची, तो हाताने करी. थोडीशी कोरडवाहू जमीन होती. दिवाळीनंतर दोघं टोळीबरोबर ऊसतोडीला जात आणि तिथे, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, त्यांनी पहिला भाग पुरा केला होता. दुसऱ्या भागात मोटार भरायला, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायला शिकवणार होते. गंगाखेडच्या एका मोटारवाल्याने त्याला सांगून ठेवलं होतं, "दुसरा भाग चालू झाला की ये दुकानात. डोकं त्या पुस्तकाचं, हात माझ्यापाशी बसव."

म्हणजे दुसरा भाग आला तर ऊसतोड सुटणार होती. पण तो येईल की नाही, हेच ठरायचं होतं. परदेशातल्या संस्थेच्या एक बाई इथलं काम स्वतः पाहणार आणि मगच करार पुढे जाणार, असं वरून कळलं.

"गुरुजी, त्या बाईला नीट संभाळा," त्या जोडप्यातल्या बायकोने मला बजावलं. "पोरगी पहिलीत घालायची हाय मला. आवंदा टोळीत जायचं न्हाई."

"मी हाय ना," मी म्हणालो.

"तुमी हायत म्हनूनच सांगायलेय."

बाई येणार ही बातमी ऐकून आमचे मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांची सगळी नोकरी तपासण्या पार पाडण्यात गेली होती. साहेब येणार म्हटलं की भिंतींना चुना, फळ्याला काळा रंग आणि रिकाम्या बाकांवर शेजारच्या वर्गातली पोरं, हा इंतजाम त्यांच्या हाडात मुरला होता. वर्ग रिकामा पाहून कुणी साहेब खूश होतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

"तुमचे विद्यार्थी कुठंयत?" त्यांनी विचारलं.

"आपापल्या घरी."

"पाहुण्या सातासमुद्रापलीकडून यायल्यात आणि विद्यार्थी घरी? लोक काय म्हणतील? वर्ग भरवा, सर. अन् चांगला भरवा."

नाटकवाल्याला दुसरं काय हवं असतं? मी तालमी घेतल्या. सगळ्यांना पांढरे सदरे सांगितले. नाटकमंडळाचा राजवाड्याचा पडदा फळ्यामागे टांगला, कारण तिथला चुना पोपडे धरून उभा होता. एक मोटार धुऊनपुसून टेबलावर ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. प्रश्न कोणी विचारायचा आणि उत्तर कोणी द्यायचं, तेही ठरलं. एका दाढीवाल्या गड्याला उत्तर आधी येई आणि प्रश्न मागून, म्हणून त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. बायकांकडे ओवाळणीचं ताट दिलं. त्यामुळे आमची वाचणारी दाराशी निरांजन धरून उभी राहिली आणि तिचा नवरा पहिल्या बाकावर घामाघूम होऊन बसला.

बाई आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, पायात मजबूत बूट. ओवाळणी, शाल, श्रीफळ, फेटा असं सगळं झालं. फेटा त्यांना शोभला आणि तो त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. दुभाषाही मीच होतो. मग मी शिकवायला लागलो. राजवाड्यापुढे उभा राहून, हारातल्या मोटारीकडे हात करून पाणी वर कसं चढतं ते असं सांगितलं की दारातल्या शिपायाने टाळी वाजवली.

बाईंनी पहिल्या बाकावरच्याला विचारलं, "हे सर तुम्हाला किती वेळा शिकवतात?"

तो पाहुणीसमोर सरांचा मान राखणारा माणूस. म्हणाला, "रोज."

"रोज," सगळा वर्ग म्हणाला. हे मात्र मी बसवलेलं नव्हतं.

बाईंनी पेनला टोपण लावलं. माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे इतके चांगले शिक्षक रोज आहेत, तर आमचे धडे कशाला हवेत? ज्यांना शिक्षक मिळत नाहीत त्यांच्यासाठी ते केलेत. ते त्यांच्याकडे जावेत हे बरं."

मी ते मराठीत सांगितलं. मुख्याध्यापक हसतच राहिले, कारण चांगले शिक्षक एवढंच त्यांनी पकडलं होतं. पण दाराशी ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि ती पदर खोचत पुढे आली.

"बाई, हे समदं आज तुमच्यासाठी मांडलंय," ती म्हणाली. "हे गुरुजी आमाला पंधरा दिसाला एकदा दिसतेत. तेबी एस.टी. चालू असली तर. ह्ये माझं मालक रोज म्हनले ते भिडेपायी. रोज तर ती कॅसेट बोलते. कोपीत लावली की आर्धी टोळी ऐकत बसायची. मुकादमबी."

एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. "सांगा त्यास्नी. हाय तसं सांगा."

मुख्याध्यापक मला डोळ्यांनी खुणा करत होते. त्या खुणांचा अर्थ कोणत्याही भाषेत कळला असता. पण अख्ख्या प्रयोगातलं सगळ्यात जोरदार वाक्य तिच्या वाट्याला आलं होतं आणि ते पाडायचं पाप कुठला नट करील? मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला, हातवाऱ्यांसकट.

बाई पुढे वाकल्या. "धडे समजतात का?"

"समजतेत. एकच समजंना. हिवाळ्यात पंपातलं पानी गोठून बरफ झालं तर काय करावं, असा आख्खा धडा हाय. आमच्याकडं पानीच न्हाई, तर गोठंल काय?"

बाईंचा फेटा हसताना डोळ्यांवर आला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे तसं होतं, तो धडा इथून काढून टाकू.

"काढू नगा. उन्हाळ्यात वाचायला लय बरं वाटतंय."

पुढचे सत्कार तसेच राहिले. बाईंनी जीप राणीसावरगावला घ्यायला लावली. मुख्याध्यापकांना शेवटपर्यंत कळलं नाही, की चुना लावलेली शाळा सोडून ही बाई शेणाने सारवलेल्या ओसरीवर काय पाहायला चालली आहे. तिथे पहिल्या बाकावरच्या गड्याने शेजाऱ्याची बंद पडलेली मोटार पुढ्यात घेतली. कॅसेट लावली. एक वाक्य ऐकायचा, बटण दाबायचा, एक नट काढायचा, पुन्हा बटण दाबायचा. पोरगी मागून त्याच्या गळ्यात पडली होती. बायको पुस्तक घेऊन बाजूला बसली आणि तो अडला की नुसतं बोट ठेवून दाखवू लागली. मला कुणी काही विचारलं नाही. मला तिथे कामच नव्हतं, आणि बाई नेमकं तेच पाहत होत्या. निघताना त्यांनी टोपण काढलं आणि जीपमध्ये परभणी येईपर्यंत लिहीत राहिल्या.

दुसरा भाग दसऱ्याच्या आधी आला. मोटारवाल्याने शब्द पाळला.

दिवाळी झाली आणि टोळीचा ट्रक राणीसावरगावात येऊन उभा राहिला. मी त्या दिवशी राहिलेली कॅसेट पोचवायला गेलो होतो. वर चढलेल्या बायका तिला हाका मारत होत्या. "येतीस का गं, का झालीस आता मास्तरीण?"

"जावा तुमी," ती दारातूनच म्हणाली. "पोरीला शाळंत सोडायचंय, अन् मालकाचा डबा ह्या एस.टी.नं धाडायचाय. ती गेली तर दुपारपस्तोर दुसरी न्हाई."

आणि ती लगबगीने आत गेली, कारण तव्यावर भाकरी होती.