आईचा हात बसला त्याची गोष्ट

परवा इथे सुरतेत, पर्वत पाटिया भागात आई साड्यांचे गठ्ठे घेऊन गाडी वळवत होती आणि पुढून खडखड आवाज यायला लागला... स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. मी शेजारी बसलेली. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे घाबरायचं काम तेवढं मी मनापासून केलं.

ही आमची पांढरी गाडी चांगलीच जुनी, घेतली तीही सेकंडहँड. पण आईचं सगळं काम तिच्यावर चालतं. मार्केटमधून साड्या आणायच्या, डिंडोलीतल्या बायकांना लेस लावायला घरपोच द्यायच्या, झाल्या की परत नेऊन पोचवायच्या... त्यात लग्नसराई तोंडावर. गाडी बसली की आईचा धंदा बसलाच.

आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने गाडी हलवून बघितली. म्हणाला, टाय रॉड एंड गेलेत. म्हणजे स्टेअरिंग आणि चाक यांना जोडणारा सांधा... दोन्ही बाजूंचे बदलल्याशिवाय गाडी काढू नका. आणि नाहीच मिळाले तर एवढ्या जुन्या गाडीत कशाला जीव अडकवता, द्या भंगारात. आई त्या दिवशी घरी येऊन नीट जेवलीही नाही.

पप्पा गावी गेलेत, अमळनेरकडे, घरच्याच लग्नाच्या तयारीला. त्यांना फोन केला तर म्हणाले, मी आल्यावर बघतो, तुम्ही हात लावू नका. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मला नवलच वाटलं... पण आईला कुठला धीर!

मग मीच गेले पार्ट्सच्या दुकानात. दुकानदाराने गाडीचा चॅसी नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला, ही साध्या स्टेअरिंगची गाडी आहे म्हणाला आणि दोन डबे काढून दिले. मी आपली गड जिंकल्यासारखी परत आले.

डबे उघडले आणि आटेच जुळेनात! मेकॅनिकने आधी दुकानदाराला नावं ठेवली, मग गाडीला, आणि शेवटी माझ्याकडे असं बघितलं की जणू आटे मीच पाडलेत... मग त्याने गाडीचा जुना सांधा खोलून माझ्या हातात दिला आणि हाच घेऊन जा म्हणाला.

दुकानदाराने जुना सांधा काउंटरवर नव्याच्या शेजारी ठेवला. उलटसुलट करून बघितला आणि हसला. "बेन, आ तो पावर-स्टीअरिंगवाळो छे." गाडी कंपनीतून साधी निघाली होती, नंतर कोणीतरी तिला पॉवर स्टेअरिंग बसवून घेतलं होतं. नंबर खरा आणि पार्टही खरा... मधे काय झालं ते तेवढं कुठे नोंदलेलं नव्हतं. योग्य ते सांधे त्याच्याकडे मिळाले.

मेकॅनिकने खाली शिरून खात्री केली. अख्खं स्टेअरिंगच दुसऱ्या गाडीचं, आणि काम बऱ्याच वर्षांपूर्वीचं.

आणि मला एकदम आईचं नेहमीचं पालुपद आठवलं. नवीन नवीन शिकत होती तेव्हा स्टेअरिंग तिला वळायचंच नाही. दंड भरून यायचे, पाहुणेमंडळी हसायची, एकदा तर तिने किल्ली कपाटात टाकून दिली होती. मग एकदा गाडी सर्व्हिसिंगहून आली आणि तिचा हात असा बसला की बस... ही गोष्ट आम्ही प्रत्येक लग्नात ऐकलेली आहे.

मी बाजूला जाऊन पप्पांना फोन लावला. स्टेअरिंग तुम्हीच बदलून घेतलं होतं ना, असं सरळ विचारलं. ते म्हणाले, सांगून केलं असतं तर तिने करू दिलं नसतं. माझ्यासाठी एवढा खर्च नको म्हणाली असती आणि गाडीला पुन्हा हात लावला नसता. सगळे हसत होते ना तिला... तिला वाटू दे, हात बसला. तू काही बोलू नकोस.

आता माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी आई साड्या मोजून गठ्ठे बांधत होती आणि मी उगाचच तिच्याभोवती घुटमळत होते. तिने वर न बघता आमच्या गावच्या बोलीत विचारलं, "दुकानवालानी सांगं ना, स्टेअरिंग बदलेल शे म्हणून?"

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! काल जे दोन्ही हातांनी वळत नव्हतं ते आज बोटाने वळायला लागलं, हे चालवणाऱ्याला कळणार नाही? मग इतकी वर्षं बोलली का नाही?

"त्यासले इतका आनंद व्हयेल व्हता," ती पप्पांबद्दल म्हणाली. "मी कसाले बोलू?"

गठ्ठ्याची गाठ मारून झाली आणि तिने एकदम सांगितलं, तू फेसबुकवर टाक. ते तुझं सगळं वाचतात. "मना तोंडमातून निंघत नही."

म्हणून ही पोस्ट... बाकीच्यांनी वाचली तरी चालेल, पण ही एकाच माणसासाठी आहे.

पप्पा, सकाळचा चहा घेता घेता तुम्ही हे वाचत असाल. आईला सगळं माहीत आहे, आणि ती तुम्हाला थँक्यू म्हणतेय. सांधे बसले, गाडी एकदम सरळ चालतेय. उधना स्टेशनवर उतरलात की रिक्षा करू नका... आई घ्यायला येणार आहे.