दहापैकी किती

फोन आला तेव्हा मी लंडनमध्ये, वेम्बलीला ईलिंग रोडवरच्या एका दुकानात हापूसच्या पेटीवरून घासाघीस करत होते. वरचे आंबे पिवळे आणि खालचा थर हिरवा, हे मला पेटी न उपसता कळतं. दुकानदार सोडत नव्हता, मीही सोडत नव्हते. फोन हॉस्पिटलचा होता. दोन दिवसांपूर्वी माझा एमआरआय झाला होता. पलीकडच्या बाईने आधी जन्मतारीख विचारली, मग म्हणाली, "तुम्ही आत्ता उभ्या आहात का?"

हो म्हटलं.

"मग बसा. उजव्या पायावर अजिबात भार देऊ नका. गाडी चालवू नका. कुणाला तरी सोबत घेऊन आजच ए अँड ईला, इमर्जन्सी विभागात, या."

मी तांदळाच्या पोत्यावर बसले. दुकानदाराने न मागता पाण्याची बाटली आणून दिली आणि पेटीचा भावही आपणहून उतरवला. आयुष्यात पहिल्यांदा उतरलेला भाव मला नकोसा झाला.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, फेमोरल नेक स्ट्रेस फ्रॅक्चर. मांडीचं हाड वर खुब्याच्या वाटीत बसतं. तिथे टोकाच्या गोळ्याखाली हाडाची अरुंद मान असते. पडून हाड मोडतं तसं हे नव्हे. रोज थोडा थोडा ताण बसून बारीक चीर पडते, आणि माणूस त्यावरच पळत राहिला तर ती वाढत जाते. माझी चीर मानेच्या वरच्या अंगाला होती. ती बाजू धोक्याची. तिथे हाड पुरतं तुटलं, तर गोळ्याचा रक्तपुरवठा जातो आणि सांधाच बदलावा लागतो. अशा हाडावर मी साडेतीन महिने पळत होते.

साठी-सत्तरीनंतर धावणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. उपदेश करण्याइतकी ताकद सध्या माझ्यात नाही. काय झालं तेवढं सांगते.

मी पिनरला राहते. लग्न होऊन आले तेव्हा सँडविचच्या कारखान्यात उभी राहून काम केलं. नंतर घरातून डबे सुरू केले, मग भाड्याचं किचन, मग चार व्हॅन. पहाटे भाजीच्या घाऊक बाजारात मी एकटी बाई असायचे. तिथे एक गोष्ट हाडात मुरली. आपल्याला माल किती हवा आहे ते समोरच्याला दिसू द्यायचं नाही. खरा आकडा तोंडातून निघाला की सौदा गेला.

साठाव्या वर्षी धंदा विकला आणि दोन महिन्यांत घरात वेड लागायची पाळी आली. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सहज म्हटलं की पार्कात एक चक्कर मारून ये. चक्कर मारली. दुसऱ्या दिवशी थोडी पळाले. सत्तरीपर्यंत माझ्या सहा हाफ मॅरेथॉन झाल्या होत्या. चाळीस वर्षं मी प्रत्येक गोष्ट कुणाशी तरी भांडून मिळवली. धावणं तेवढं कुणाकडून घ्यावं लागलं नाही. सातवा मैल उलटला की डोक्यातली सगळी भांडणं गप्प होत. म्हणून ते जाऊ द्यायचं नव्हतं.

जानेवारीत उजव्या जांघेत दुखायला लागलं. आधी पळताना, मग पळून आल्यावर, मग जिना उतरताना. फेब्रुवारीत जीपीचा, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरचा, फोन मिळाला. तिशीतले डॉक्टर, आवाज शांत. त्यांनी विचारलं, दहापैकी किती दुखतं?

खरं उत्तर सात होतं. सात म्हटलं तर हा माणूस धावणं बंद करणार, हे मला दिसत होतं. मी तीन म्हणाले.

त्यांनी ग्रोइन स्ट्रेन, म्हणजे जांघेतला स्नायू ताणला गेल्याचं निदान केलं. विश्रांती घ्या म्हणाले. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. नवी बारीक चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. फिजिओथेरपीच्या यादीत माझं नाव गेलं. मार्चमध्ये पुन्हा फोन केला, तेव्हा मी तीनाचे चार केले. त्यांनी विचारलं, धावणं थांबवलंय ना? मी हो म्हटलं. पायात तेव्हा धावायचे बूट होते.

त्या दिवशी ते शेवटी म्हणाले, "तुमच्या वयात पाच किलोमीटर चालता आलं तरी माझे बरेच पेशंट खूश होतील."

त्या वाक्याने माझं डोकं जे फिरलं ते अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही. मी फोन ठेवला आणि त्याच दुपारी आठ मैल पळाले. येताना शेवटचा अर्धा मैल कुंपणांना धरून आले. हे दारात उभे होते. मी म्हटलं, "अहो, असं बघू नका, पाय आखडलाय नुसता."

एप्रिलच्या शेवटी फिजिओथेरपिस्टचा नंबर लागला. तिने मला खोलीच्या दारापासून खुर्चीपर्यंत चालताना पाहिलं. मग म्हणाली, उजव्या पायावर उभ्या राहा आणि एक उडी मारा. मी उभीसुद्धा राहू शकले नाही. तिने आकडा विचारलाच नाही. लगेच एमआरआय मागवला. माझा सांधा तिने वाचवला, असं मी मानते.

ए अँड ईत आठ तास ट्रॉलीवर पडून होते. छताच्या फरशा मोजल्या, पुन्हा मोजल्या. वॉर्डातले रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचे डॉक्टर, नागपूरचे निघाले. आडनाव वाचून त्यांनी मराठीतच सुरुवात केली आणि मला एकदम थकवा जाणवला. इतका वेळ इंग्रजीत ताठ राहिले होते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तीन स्क्रू घालून चीर आवळली. नर्स दर काही तासांनी यायची आणि विचारायची, दहापैकी किती? मी दोन म्हणायचे. वाटायचं, दुखत नाही असं दिसलं की लवकर घरी सोडतील, लवकर घरी म्हणजे लवकर पार्कात. तिने दोनाला पुरेल तेवढीच गोळी दिली. सकाळी मला वॉकर धरून उभं केलं, आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा नागपूरचे डॉक्टर पलंगाच्या कडेला बसले होते.

"काकू, तुम्ही दोन म्हणालात म्हणून तुम्हाला दोनाचं औषध मिळालं," ते म्हणाले. "आतलं दुखणं आम्हाला दिसत नाही. तुम्ही सांगाल त्या आकड्यावर आम्ही चालतो. माझ्याशी कशाला भाव करता? माझ्याकडे विकायला काही नाही."

त्यांच्यावर मी चिडले. माझ्या मुलीपेक्षा लहान माणूस. पण त्या दिवशी नर्सला आठ सांगितलं आणि बऱ्याच आठवड्यांनी पहिल्यांदा झोप लागली.

घरी सहा आठवडे कुबड्या. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाली. ऑस्टिओपोरोसिस निघाला. हाडं विरळ झाली होती. इतकं पळणाऱ्या बाईची हाडं विरळ कशी, असं मी विचारलं. धावण्याने मदत होते, पण पाळी गेल्यानंतरची झीज त्याने पूर्ण थांबत नाही, असं उत्तर मिळालं. आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

दिवसभर करायला काही नव्हतं. मी जीपीविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. चार पानं झाली. पुरावा हवा म्हणून ह्यांना फोनवरच्या ॲपमध्ये माझी नोंद काढून मोठ्याने वाचायला सांगितली. ते चष्मा लावून वाचू लागले. फेब्रुवारी, वेदना दहापैकी तीन. मार्च, वेदना दहापैकी चार, जिना चढताना-उतरताना त्रास नाही. धावणं थांबवलं आहे असं पेशंट सांगतात.

ह्यांनी चष्मा काढला. "सुमन, तू डॉक्टरांना फसवलंस ते समजलं. पण मला का फसवलंस? कुंपणाला धरून येताना मी तुला कोपऱ्यापासून बघत होतो."

मी आवाज चढवला. म्हटलं, मी काहीही सांगेन, त्याने एकदा बोलावून चालताना पाहायला नको? एक मिनिटाचं काम होतं. ह्यांनी मान डोलावली. "हो, पाहायला हवं होतं," म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले. त्यांनी वाद घातला असता तर मी जिंकले असते.

तक्रार मी पाठवली. चार पानांचं एक पान झालं. वयाबद्दलचं ते वाक्य लिहिलं, दोन महिन्यांत एकदाही समोर बोलावलं नाही हे लिहिलं, आणि मी खोटे आकडे सांगितले हेही लिहिलं. जीपीच्या दवाखान्याकडून उत्तर आलं की बैठकीत चर्चा करू. म्हणजे काय, ते मला कळतं. राग गेलेला नाही. फक्त आता त्याची वाटणी झाली आहे आणि माझ्या वाट्याला बराच आला आहे.

सप्टेंबरात कन्सल्टंटची भेट होती. ऑक्टोबरच्या हाफ मॅरेथॉनमध्ये माझं नाव अजून होतं. मला सगळी शर्यत नको होती. थोडं पळून, थोडं चालून शेवट गाठला तरी चाललं असतं. कन्सल्टंट एक्स-रे पाहून म्हणाले की छान दिसतंय. हळूहळू जॉगिंग सुरू करायला हरकत नाही, भरभर चालताना दुखत नसेल तर. दुखतं का? दहापैकी किती?

शून्य म्हटलं असतं तर मी पुढच्या आठवड्यात पार्कात पळत असते. एक म्हटलं असतं तरी चाललं असतं. हे शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि मुद्दाम भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होते.

"चार," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला कोचवर झोपवून पाय आत-बाहेर फिरवून पाहिला आणि सीटी स्कॅन सांगितला. एका जागी हाड अजून जुळलेलं नव्हतं. आणखी तीन महिने धावणं नाही. त्यानंतर बघू, वचन देत नाही. घरी येऊन मी शर्यतीतून नाव काढलं आणि लॅपटॉप बंद केला.

पुन्हा धावेन की नाही, ठाऊक नाही. सत्तराव्या वर्षी तीन महिने म्हणजे किती, हे ज्याचं त्यालाच कळतं. ती फिजिओथेरपिस्ट आणि ते नागपूरचे डॉक्टर भेटले, म्हणून माझ्या पायात माझाच सांधा आहे, हे मी विसरत नाही. तुम्हाला कधी विचारलं तर खरं सांगा. समोर बसलेला माणूस व्यापारी नसतो.

संध्याकाळी आम्ही दोघं पार्कात चालतो. पळणारे बाजूने निघून जातात आणि मी त्यांच्या पायांकडे बघते. बाकावर टेकलं की हे थर्मास उघडतात आणि रोज विचारतात, "किती?"

काल मी तीन म्हणाले. खरे तीन.