पाठिंब्याच्या पत्रामागचं पासबुक

सगळी पत्रं पाठिंब्याची. हरकत एकही नाही. मला पहिली शंका तिथंच आली. आपल्याकडं नळाची वेळ बदलली तरी चार माणसं भांडायला येतात, आणि इथं नियम बदलायला गाव एकमुखानं हो म्हणतं?

मी नगररचना सहायक. परभणी जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात नवीन घरं लवकर उभी राहावीत म्हणून लेआउटचे नियम ढिले करायचा प्रस्ताव होता. लेआउट म्हणजे शेताचे पाडलेले प्लॉट. त्यातला आतला रस्ता नऊऐवजी सहा मीटर चालेल, हा मुख्य बदल. रस्ता अरुंद झाला की प्लॉट जास्त बसतात. घरं वाढतात हे खरं, पण आधी प्लॉट विकणाऱ्याचा खिसा भरतो हेही आम्हाला कळतं. म्हणून बदलाआधी लोकांचं म्हणणं लेखी मागवतात, मग सुनावणी घेतात.

पत्रं टाइप केलेली, मजकूर एकच. त्यात नवल नव्हतं. पण प्रत्येकाच्या मागं आधारची झेरॉक्स, पासबुकची झेरॉक्स आणि कोपऱ्यात फोटो. रस्ता लहान करा म्हणायला पासबुक कशाला?

साहेबांना दाखवलं.

"कागद जास्तच लावलेत, कमी नाहीत ना? पाठिंबा लिहा आणि वर पाठवा."

"सर, सुनावणी तर घेऊ."

"पाठिंबा देणाऱ्यांची कसली सुनावणी? हौस असेल तर घ्या."

हौस होतीच.

पहिल्या आल्या सरूबाई. मेंढरं राखणारं घर, राहायला पत्र्याचं खोपटं. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "साहेब, माझं घर कवा मंजूर हुईल?"

"कुठलं घर, मावशी?"

"घरकुल. त्या प्लॉटवाल्याच्या मानसानं फारम भरून नेला की. फोटो, पासबुक, समदं दिलंय. अंगठाबी दिला."

मी पत्र वाचून दाखवलं. बाई खुर्चीवरून उठल्या. दारातून रांगेकडं बघून ओरडल्या, "आरं, ह्यो घरकुलाचा फारम न्हाई! रस्ता बारका करायचा कागद हाय!"

एकच गलका झाला. मला प्लॉटवाल्याचा राग आला आणि आमच्या खात्याची लाजही वाटली. घरकुलाच्या अर्जाची मुदत तीन दिवसांत संपत होती, आणि ही माणसं अर्ज भरला म्हणून निवांत होती.

"मावशी, खरा फॉर्म शेजारच्या खोलीत मिळतो. चला, मी भरून देतो."

त्यांनी माझ्या हातातल्या पेनाकडं पाहिलं. "त्योबी असाच ग्वाड बोलत व्हता."

त्या कोरा फॉर्म घेऊन गेल्या. अंगणवाडीच्या ताईंकडून वाचून घेतला, भरून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आल्या. अंगठा उठवण्याआधी म्हणाल्या, "आधी पोच द्या." माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं. मग रस्त्याचं सांगितलं, "हाय तेवढाच ऱ्हाऊ द्या. मेंढरं जायला लय अडचण हुईल." तेही ताईंकडून लिहून आणलं होतं. त्याचीही पोच घेतली.

बाकीच्यांनीही पत्रं मागं घेतली, घरकुलाचे अर्ज भरले. प्रस्ताव परत गेला. साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पुढं सरूबाईंचं नाव घरकुलाच्या यादीत आलं. रस्त्याचा प्रस्तावही पुन्हा आला, पाठिंब्याची नवी पत्रं घेऊन. या वेळी मागं पासबुक नव्हतं. म्हणजे प्लॉटवालाही शिकला होता. मी तरीही सगळ्यांना सुनावणीला बोलावलं.