पोचतंय तिथे कान

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात सगळे त्यांना टेपमामा म्हणत. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाचा सूर सांडला नव्हता. आता मात्र गाठ सख्ख्या बहिणीच्या आवाजाशी होती.

घशाच्या ऑपरेशनात ताईचा आवाज गेला तो गेलाच. बोलायचं ते ती वहीत लिही. तिचं गाणं उरलं होतं एका कॅसेटवर. तिच्यात आठ ट्रॅक, म्हणजे शेजारी शेजारी मुद्रित केलेले आठ वेगळे आवाज, सातव्यावर ताई. कॅसेट वाजवणारं जुनं यंत्र मोडकळीला आलेलं, टेपेचा थर झडत चाललेला.

"एकदा वाजेल, मामा," दुरुस्तीवाला म्हणाला. "दुसऱ्यांदाचं माझ्याकडून वदवून घेऊ नका."

गाणं उतरवून घ्यायचं नवं यंत्रही आठ ट्रॅकचंच, पण दोघांची भाषा निराळी. एकाला बारीक काचेची तार, दुसऱ्याला बोटाएवढी जाड. म्हणून दुरुस्तीवाल्याने मध्ये जोडायला एक दुभाषी डबा दिला. "कॅसेटवर आवाज आकड्यांत साठवलाय, तो आकड्यांतच उतरेल, जसाच्या तसा. फक्त आकडे मोजताना नव्याने जुन्याचा ठेका धरायला हवा. स्वतःचा धरला की टकटक सुरू."

"तू मला शिकव आता," मामा म्हणाले. शिकाऊ मुलांकडून त्यांनीच तर जन्मभर घोकून घेतलं होतं, की आवाज निघतो तिथे नाही, पोचतो तिथे कान ठेवायचा.

त्यांनी नव्या यंत्राला जुन्याचा ठेका लावून दिला. मग तार सैल वाटली म्हणून ते बंद करून पुन्हा चालू केलं. चालू होताना ते मुकाट्याने आपल्या ठेक्यावर परतलं. कोपऱ्यातला, ठेका जुळल्याचा हिरवा दिवा विझला. मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी हेडफोन जुन्या यंत्राला लावला होता, क्षणभरच, ताईला ऐकायला.

तो क्षण चाळीस मिनिटं लांबला. सात वर्षांनी ताई कानात गात होती. समोर खरी ताई सातव्या ट्रॅकचे दिवे वरखाली होताना पाहत होती, ओठ हलवत होती. मामांना हेडफोन काढवेना.

शेवटच्या ओळीनंतर जुनं यंत्र किंचाळलं. कॅसेट ओढून काढली तर चुरगळलेली टेप हातभर बाहेर आली.

"असू दे, उतरलंय सगळं," म्हणत त्यांनी हेडफोन नव्या यंत्राला लावला.

टक. ताईचा सूर. टक, टक. पुन्हा सूर.

मामांनी पुढे नेऊन ऐकलं, मागे आणून ऐकलं. टक. "ताई, मी घालवलं गं. तुझा आवाज मीच घालवला."

ताईने हेडफोन ओढून घेतला, बराच वेळ ऐकलं. मग काहीतरी लिहून हसतच वही पुढे सरकवली. 'लहानपणी दूध बघायला बसवलं की टक लावून बघायचास, आणि ते तुझ्या नाकासमोर उतू जायचं.'

"हसतेस काय? दुसरी कॅसेट नाहीये!"

'माहीत आहे,' तिने लिहिलं. पेन्सिल कागदातून आरपार गेली. डोळे न पुसताच तिने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

मामांनी सातवा ट्रॅक कॉम्प्युटरवर घेतला. एकेक टक हाताने खरवडून काढायची. थोडी जास्त खरवडली तर तिच्यासोबत सूरही जाणार. टक आली की ताई टेबलावर बोट आपटे, मामा थांबत, श्वास रोखून तेवढंच पुसत.

संध्याकाळपर्यंत पहिली ओळ स्वच्छ झाली. दुसरीच्या सुरुवातीलाच ताईचं बोट आपटलं.