सहावी भिंगरी

श्रीरंग काटकरनं जन्मात दीड-दोन लाख कॅसेटी बघितल्या, पण एक नाटक सलग बघितलं नाही. कामच तसलं होतं. कॅसेट घालायची, सुरुवातीचं मिनिटभर बघायचं, पळवत मध्यावर न्यायची, तिथं थोडं, मग शेवट. चित्र ठीक, आवाज ठीक, की डबीवर खडूनं फुली. पुढची घे. कुठल्याही नाटकाचं विचारा, शेवटी कोण मेलं ते गडी बरोबर सांगायचा; का मेलं ते नाही.

भिंगरी मात्र त्यानं दर खेपेला अख्खी बघितली. ती कॅसेटीच्या तोंडालाच असायची आणि ती त्याचीच होती.

भाऊसाहेबांनी शहाऐंशी साली दिल्लीच्या ओखल्याला एक शेड घेतली, त्यात व्हीसीआरची चळत लावली आणि ‘भिंगरी व्हिडिओ’ सुरू केली. नाटकं, कीर्तनं, रुखवताच्या रांगोळ्या, दिवाळीचा फराळ. महाराष्ट्राबाहेर पडलेल्या मराठी माणसाला घरबसल्या जे बघावं वाटेल ते. माल दिल्लीत कमी, ग्वाल्हेर, इंदूर, झाशीला जास्त. श्रीरंग तवा दहिवडीकडून नुकता आलेला, चोवीस वर्षांचा. व्हीसीआरची हेडं साफ करायला ठेवलेला. पुढं चाळीस वर्षं दिल्लीतल्या मराठी माणसांत काढून त्याचं ‘न्हाई’ काही ‘नाही’ झालं नाही. तिथल्या मराठी मंडळात लोक हसायचे. मग हाही त्यांच्या ‘अच्छा’ला आणि ‘चलो’ला हसायचा. फिट्टंफाट.

कंपनीचं नाव तर ठेवलं, पण पडद्यावर काय दाखवायचं याचा कुणाला पत्ता नव्हता. पेंटरनं भिंगरीच्या तीन पाट्या रंगवून आणल्या. तिन्ही मुळ्यासारख्या दिसत होत्या. श्रीरंग म्हणाला की भिंगरी म्हणजे फिरायला नको का. आणि त्यानं एका फळकुटातून चाकूनं भिंगरी तासली, लाल, पिवळे, हिरवे पट्टे ओढले, परात पालथी घालून तिच्यावर काळं कापड ताणलं, आणि वरून कॅमेरा लावायला सांगून बोटानं भिंगरी सोडली. पट्ट्यांची वर्तुळं झाली. सतरा वेळा ती उजवीकडं सावलीत जाऊन पडली. अठराव्यांदा डावीकडं कलंडली, नाव उमटायचं होतं त्याच्या अगदी शेजारी. भाऊसाहेब म्हणाले, बास.

ही पहिली. ब्याण्णवला पडद्यावर अक्षरं काढणारं टायटलर मशीन आलं तशी दुसरी आली, चौकोनी ठोकळ्यांची. ती फिरत नव्हती, चार जागी उड्या मारायची. पंच्याण्णवला नोएडाच्या एका पोरानं कॉम्प्युटरवर सोन्याची केली. तिच्यावरून एक चकाकी जायची आणि मागं तुतारी. श्रीरंगला ती तमाशाच्या पेटीसारखी वाटली, पण विचारलं कुणी नाही. सीडी आल्या तशी चौथी, पृथ्वीभोवती घिरट्या घालणारी. कॅसेटी बंद पडल्या, शेड गेली, श्रीरंग एका शाळेत प्रोजेक्टर सांभाळायला लागला आणि तिथून रिटायर झाला. पाचवी आता फोनवर असते, कोपऱ्यात, तांदळाएवढी. भाऊसाहेब गेल्यावर मुलीनं जुना माल इंटरनेटवर चढवला, त्याच्यावर ती बसते.

अशा पाच. सहावीची गोष्ट सांगायची तर एक्याण्णवात जावं लागतं.

तवा नकली कॅसेटींचा सुळसुळाट झाला होता. भिंगरीची नाटकं निम्म्या किमतीत बाजारात मिळायची. नक्कल करणारे सुरुवातीचं चित्र कापायचे, नाहीतर टीव्हीसमोर कॅमेरा लावून भिंगरीचा नुसता थिजलेला फोटो टाकायचे. म्हणून कंपनीनं डब्यांवर छापलं, की भिंगरी फिरली आणि पडली तरच माल खरा. तरी खप पडतच गेला. शेवटी भाऊसाहेबांच्या डोक्यात आलं, की आपलीच नकली आपणच काढली तर? चांगल्या मालाची किंमत पडणार नाही, आणि स्वस्त घेणारं गिऱ्हाईक परक्याकडं जाणार नाही. काम श्रीरंगकडं आलं. कॅसेटीवरून कॅसेट, तिच्यावरून तिसरी, तिच्यावरून चौथी. चौथ्या पिढीला लाल रंग पट्ट्याबाहेर सांडायला लागला आणि भिंगरीच्या कडेला कापरं भरलं. फिरत होती तीच, पडत होती डावीकडंच, पण तापानं फणफणल्यासारखी. डब्या साध्या, छाप नाही. माल मागच्या दारानं सरोजिनी नगरच्या बाजारात जायचा. श्रीरंगला त्यात काही गैर वाटलं नाही. मालकाचा माल, मालक नासवतोय.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जयंत सबनीस राहायचे, केंद्र सरकारात वरच्या श्रेणीचे कारकून. बाल्कनी बंद करून तिथं त्यांनी मराठी कॅसेटींची लायब्ररी काढली होती. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, तेव्हा सगळं बायकोच्या नावावर, आणि कामही बायकोच करायची. लताबाई बाजारातून स्वतः निवडून कॅसेटी आणायच्या. दुकानदाराच्या टीव्हीवर लावून बघायच्या. भिंगरी फिरली, डावीकडं पडली, की घ्यायच्या. थिजलेली असली की परत. अख्ख्या कॉलनीत त्यांच्या कॅसेटीवर भरवसा.

कंपन्यांच्या संघटनेनं ओरड केली आणि पोलिसांनी धाडी घातल्या. भाऊसाहेब त्या संघटनेत पुढं होते. धाड नेमकी कुणावर पडेल ते त्यांच्या हातात नव्हतं. पडली ती सबनिसांच्या बाल्कनीवर. त्र्याऐंशी कॅसेटी सापडल्या, साध्या डब्यांतल्या. ओळख पटवायला कंपनीचा माणूस पाहिजे होता. भाऊसाहेबांनी श्रीरंगला बाजूला घेतलं. म्हणाले, तू फक्त रंगाचं सांग, बाकी तुला कुणी विचारणार नाही.

ठाण्यात टेबलावर टीव्ही होता. लताबाई कोपऱ्यात बाकावर, बत्तीस-तेहतीस वर्षांच्या, पदर घट्ट गुंडाळून. जयंतराव दाराशी, आपला काही संबंध नसल्यासारखे. कॅसेट लावली. भिंगरी फिरली, थरथरली, पडली. श्रीरंग हिंदीत म्हणाला की कंपनीच्या छापाच्या मालात रंग असा फुटत नाही. साहेबानं ते लिहून घेतलं. तवा ती बाई मराठीत त्याला म्हणाली, “दादा, पण पडली डावीकडेच ना?”

तो म्हणाला, “रंग बघा, ताई.”

एवढंच. श्रीरंग पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगायचा, की आपण एक अक्षर खोटं बोललो नाही. आणि ते खरंही होतं. म्हणूनच ते निस्तरता येत नव्हतं. खोटं बोलला असता तर निदान कान तरी धरता आले असते.

बाकीचं त्याच्या कानावर मंडळातून आलं. लताबाईंच्या नावावर दंड लागला. बायकोच्या आडून धंदा केला म्हणून जयंतरावांच्या ऑफिसात चौकशी बसली, बढती गेली, क्वार्टर सोडावं लागलं. ते फरीदाबादला गेले. गणपतीला यायचे बंद झाले. कुणीतरी सांगितलं की जयंतराव चारचौघांत बायकोला ‘भिंगरी’ म्हणून हाक मारतात. भाजी खारट झाली, बस चुकली, पोराला मार्क कमी पडले, की “पारख आमच्या भिंगरीची.” लोक हसतात. श्रीरंगही तवा हसला होता. नाही कसा हसणार, सगळे बघत होते.

यंदा कंपनीला चाळीस वर्षं झाली. भाऊसाहेबांचा नातू नचिकेत, सव्वीस वर्षांचा, कार्यक्रमात दाखवायला भिंगऱ्यांची फिल्म करत होता. पहिली ते पाचवी, कशा बदलत गेल्या. कॅमेरा घेऊन तो मयूर विहारला श्रीरंगच्या फ्लॅटवर आला. शाल-श्रीफळ देऊन सत्कारही ठरला होता. पोरगं गोड. भिंगरीला लट्टू म्हणायचं आणि जीभ चावायचं. श्रीरंगनं परातीचं सांगितलं, अठराव्या खेपेचं सांगितलं, तुतारीला शिवी दिली. पोरगं खूश.

मग त्यानं लॅपटॉपवर शेवटचं चित्र लावलं. कुण्या हौशी माणसानं जुन्या कॅसेटीवरून काढलेलं. लाल रंग सांडलेली, कापरं भरलेली. खाली अक्षरं: बनावट, १९९१.

“काका, यावर दोन वाक्यं. असली-नकली कसं ओळखायचं. मजा येईल यार.”

श्रीरंगनं कॅमेरा बंद करायला सांगितला. छातीत जळजळतंय म्हणाला. पोरगं घाबरलं, पाणी आणलं, उद्या येतो म्हणून गेलं.

दुसऱ्या दिवशी श्रीरंग मेट्रोनं फरीदाबादला निघाला. पत्ता मंडळाच्या जुन्या वहीत होता. दार लताबाईंनी उघडलं. आता सदुसष्टच्या असतील, केस पार पांढरे. त्यांनी ओळखलं नाही. आत जयंतराव टीव्हीसमोर. श्रीरंगनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. चौथी पिढी, मागचं दार, भाऊसाहेब, रंगाचं एवढंच सांग म्हणाले ते. सांगायला चार मिनिटं लागली असतील.

लताबाई उभ्याच होत्या. त्यांनी विचारलं, “म्हणजे मी आणल्या त्या तुमच्याच होत्या?”

“आमच्याच. तुमची पारख चुकली न्हवती.”

जयंतराव मान न वळवता म्हणाले, की जाऊ द्या हो, किती वर्षं झाली, आता काय त्याचं.

“तुम्ही नका बोलू,” लताबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “तुम्ही चौतीस वर्षं बोललात.”

टीव्ही चालू होता, तो कुणी बंद केला नाही. लताबाई बसल्या. श्रीरंगला वाटलं रडतील, नाहीतर चप्पल काढतील. दोन्हीची त्यानं तयारी ठेवली होती. पण बाई हिशोबी डोक्याची. त्यांनी विचारलं, की हे अजून कुणाला सांगितलंत. कुणालाच नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग मला एकटीला सांगून काय उपयोग, मी घरात हे ओरडून थकले होते. शेवटी मलाच वाटायला लागलं की माझ्याच डोळ्यांत काही खोट असेल. ठाण्यात तुम्ही चार माणसांत बोललात, आता चार माणसांत बोला.

श्रीरंगनं तिथूनच नचिकेतला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग पोरगं म्हणालं, “काका, ही आजोबांची फिल्म आहे.”

“तुझ्या आजोबांचीच भिंगरी हाय ती बी,” श्रीरंग म्हणाला.

रविवारी नचिकेत कॅमेरा घेऊन फरीदाबादला आला. चेहरा उतरलेला. आई नको म्हणाली, भांडण झालं, तरी आलो, असं त्यानं सांगितलं. मग श्रीरंगला हळूच म्हणाला, की सत्काराचं मात्र आता अवघड होईल.

“हू दे. मागल्या रांगेत बसीन. तिथनं पडदा बरा दिसतो.”

जयंतराव आतल्या खोलीत जाऊन बसले होते, पण दार उघडं ठेवून. नचिकेतनं कॅमेरा लावला. श्रीरंग बोलला. ही भिंगरी बनावट नव्हती, मीच तयार केली, आणि एका बाईनं ती बरोबर ओळखली होती, पण त्या बाईवर केस झाली, त्या बाईला त्रास झाला. दोन मिनिटांत संपलं.

लताबाईंनी लावून दाखवायला सांगितलं. चष्मा घालून नीट बघितलं.

“परत घे,” त्या म्हणाल्या.

“काकू, बिल्कुल साफ आलंय.”

“हे ‘एक बाई, त्या बाई’ काय? बाईला नाव नाही?” त्या श्रीरंगकडं वळल्या. “लायब्ररी माझ्या नावावर, सही माझी, दंड माझ्या नावानं, पोलिसांच्या कागदात नाव माझं. तेव्हा सगळीकडे चाललं ना? मग आता का लाज वाटते?”

लाज बाईची नव्हती, स्वतःची होती. श्रीरंग खुर्चीत सरळ बसला. नचिकेतनं बोट वर केलं.

“ही भिंगरी खोटी न्हाई. भाऊसाहेबांच्या सांगण्यावरनं म्या केली, सरोजिनी नगरच्या बाजारात आम्हीच इकली. लता जयंत सबनीस यांनी ती खरी म्हणून वळखली. त्यांचं बरोबर व्हतं. ठाण्यात ते मला ठावं व्हतं आन म्या गप बसलो.”

लताबाईंनी हेही पूर्ण बघितलं. शेवटचं वाक्य परत लावायला सांगितलं. आतल्या खोलीपर्यंत जाईल एवढा आवाज मोठा करायला सांगितला, आणि तिसऱ्यांदा ऐकलं.

मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि दाराकडं बघत म्हणाल्या, “अहो, चहा टाका. चार कप.”

आत खाट करकरली. जयंतराव उठले, कुणाकडं न बघता मधून गेले. स्वयंपाकघरात बराच वेळ डबे उघडझाप झाल्याचे आवाज येत राहिले. साखर कुठं असते ते लताबाईंनी सांगितलं नाही.